साडेसदतीस एकरांची खोली

लवळ्याला खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्या गावाला टेशन हाय का?"

त्याआधी मी चार ठिकाणी जाऊन आले होते. लग्न झालंय का, मटण शिजवणार का, मित्रमैत्रिणी किती येतील, हे सगळं विचारून झालं होतं. स्टेशनची चौकशी कुणी केली नव्हती. मी परभणीची, त्यामुळे हो म्हणाले. मालक खुर्चीत पुढे सरकले.

"फलाट किती?"

मला खात्रीने सांगता येईना. तीन असावेत, असं काहीतरी म्हणाले.

"असावेत?" मालकांचा चेहरा पडला. "तितंच वाढला आनि फलाट मोजलं न्हाईत?" मग आत वळून बायकोला म्हणाले, "अगं, चावी दे ह्यांना. टेशनच्या गावच्या हायेत."

चावी घेऊन वर जाताना त्यांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, जिन्यात मला हळूच सांगितलं, "घाबरू नका. रेल्वेचं खूळ तेवढं हाय. बाकी मानूस बरा हाय."

खूळ म्हणजे काय ते दुसऱ्याच दिवशी कळलं. नळाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलं होतं: पाणी सुटणे ६.१२, पाणी बंद ६.४१. मी विचारलं, सव्वासहा का नाही? मालक म्हणाले, "सव्वासा लिवलं की मानूस साडेसाला येतो. सा बारा लिवलं की सा धालाच बादली घिऊन हुबा ऱ्हातो." खरं होतं ते. वरच्या मजल्यावरचे आम्ही सगळे भाडेकरू सहा वाजून दहा मिनिटांनी रांगेत असायचो. आणि कुणी सहा बेचाळीसला पोचला, तर मालक ओट्यावरून अतिशय सहानुभूतीने म्हणायचे, "गेली."

स्वतः ते आयुष्यात तीनदाच रेल्वेत बसले होते. लहानपणापासून डोंगरापलीकडच्या गाडीची शिट्टी ऐकू येते असं ते सांगत. मावशी म्हणत की इथून ऐकू येणं शक्यच नाही. मुळशी तालुक्यात एसटी आहे, रिक्षा आहेत, कॉलेजांमुळे हल्ली परदेशी गाड्याही दिसतात. रेल्वे तेवढी नाही, ही गोष्ट मालकांना मनापासून लागलेली होती. मी एकदा चुकून म्हणाले, आता हिंजवडीला मेट्रो आहे की. मालक दुखावले. "ती रेल्वे न्हाई. तिच्यात कुनी डबा उघडून जेवतं का? जेवत न्हाई. मग ती लिफ्ट झाली, आडवी."

घराच्या वरच्या मजल्यावर बारा बाय अठराची एक मोठी खोली होती. दोन खिडक्या, समोर टेकडी. हॉस्टेलची मुलं तिच्यासाठी मागे लागायची. मालकांनी ती कधीच कुणाला दिली नाही. तिच्यात एक खुर्ची होती, आणि दुपारी जेवण झालं की मालक त्या खुर्चीत बसून रिकाम्या फरशीकडे बघत. काय बघता, असं विचारलं तर म्हणत, "जागा धरून ठेवलीय."

माझं काम कारखान्यांच्या पाइपांचे आराखडे काढायचं. आठवड्यातले दोन दिवस मी घरूनच काम करी. एकदा नळाचा वायसर बदलायला मालक माझ्या खोलीत आले आणि पान्हा हातात धरून लॅपटॉपसमोर उभे राहिले. पडद्यावर पाइप वळत होते, एकमेकांवरून जात होते.

"हे कुटं हाय?"

"अजून कुठेच नाही. आधी इथे बसवून बघायचं. जमलं की मग कारखान्यात."

"म्हंजी चूक हितंच कळती?"

"हो."

वायसर तसाच राहिला. मालक खाली गेले आणि शाळेच्या सात वह्या घेऊन वर आले. सगळ्या वह्यांत रूळ काढलेले. पेन्सिलीने, पट्टीने, बांगडीभोवती फिरवून काढलेली वळणं. खेळण्यातली नव्हे, हुबेहूब धावणारी छोटी रेल्वे त्यांना त्या खोलीत बसवायची होती. आखणी वर्षानुवर्षं चालू होती, पण रुळाचा एक तुकडासुद्धा विकत घेतलेला नव्हता. "चुकलं तर?" एवढंच कारण.

छोट्या रेल्वेची आखणी करायचा एक प्रोग्राम मला इंटरनेटवर सापडला. त्यात खोलीची मापं घालायची, रुळांचे तयार तुकडे उचलून मांडायचे, चढ-उतार द्यायचे, आणि शेवटी पडद्यावरच गाडी चालवून बघायची. कुठे तुकडा जुळला नाही किंवा वळण फार आवळलं, तर तेवढा रूळ लाल होतो. मालकांना त्या लाल रंगाची जबरदस्त भीती बसली. लॅपटॉपला ते साहेब म्हणायला लागले. मी एखादं वळण बसवलं की खुर्चीमागून हळूच विचारायचे, "साहेब काय म्हनत्यात?"

खोली त्यांनी स्वतः मोजली, तीन वेळा. भिंतीतले खिळे, बटणांचा बोर्ड, कोपऱ्यातला नऊ इंच पुढे आलेला खांब, सगळं कागदावर उतरवलं. पश्चिमेच्या भिंतीवर एक बारीक फुलीही होती. ती कसली, असं विचारल्यावर म्हणाले, "पाल. रोज तितंच असती." मी पाल नकाशात घेतली नाही, त्याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं.

ही गाडी खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पटींनी लहान असते, हे मी सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ बोटांवर मोजत बसले. मग म्हणाले, "म्हंजी ह्या खोलीत किती रान बसंल?" मी गणकयंत्रावर हिशेब केला. साडेसदतीस एकर. मालक उठून उभेच राहिले. त्यांची टेकडीकडची बरीचशी जमीन तिथे कॉलेज झालं तेव्हा विकली गेली होती. भाताचं एक तीस गुंठ्यांचं खाचर तेवढं उरलं होतं. त्यांनी जिन्यातून खाली हाक मारली, "ऐकलं का, साडेसदतीस एकर हाय वर!"

"मग लावनी कवा करायची?" मावशींनी खालून विचारलं.

पुढच्याच आठवड्यात माझ्यामुळे त्यातली बरीच जमीन गेली. गाडी घसरली तर उचलायला हात पोचला पाहिजे, म्हणून टेबल हाताच्या लांबीपेक्षा रुंद ठेवून चालत नाही. मालकांचा हात भरला अडीच फूट. म्हणजे भिंतींना लागून अडीच फुटांचा पट्टा, आणि मधली सगळी जागा माणसाला उभं राहायला मोकळी. त्यांनी तिचाही हिशेब करायला लावला. जवळजवळ सोळा एकर.

"सोळा एकर निस्तं हुबं ऱ्हायला?" ते म्हणाले. मावशींना मात्र ही आखणी आवडली. "त्यातलं येक एकर मला द्या," म्हणाल्या, "कुरडया वाळवायला."

रेल्वे कुठून कुठे जाणार, याबद्दल माझ्या मनात डोंगर, बोगदे, एखादी नदी असं काहीतरी होतं. प्रोग्राममध्ये बर्फसुद्धा होता. मालक म्हणाले, बर्फ नको. गाडी आपल्याच शिवारातून जाणार. कुणाचं खाचर कुठे, विहीर कुठे, देऊळ कुठे, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते सांगत गेले आणि मी मांडत गेले. त्यांचं स्वतःचं खाचर खिडकीपाशी आलं. खोलीत ते जेमतेम दोन फूट भरत होतं. इंजिन पलीकडच्या बांधावर पोचलं तरी शेवटचे डबे अजून अलीकडच्या बांधाबाहेर असणार होते. ह्याचा त्यांना फार आनंद झाला.

आणि मग त्यांनी ते सुरू केलं, ज्यामुळे अर्धं गाव त्यांना हसलं. ज्या ज्या शेतातून रूळ जात होते, त्या त्या शेतमालकाकडे ते परवानगी मागायला जाऊ लागले. खरोखरच्या मालकाकडे, खोलीतल्या रुळांसाठी. काखेत वही, डोक्यावर टोपी, आणि सोबत लॅपटॉप घेऊन मी. वहीत लिहून घ्यायचे: माझी हरकत नाही. खाली सही.

लोक हसत हसत सही करत. रिसॉर्ट चालवणारा एक तरुण म्हणाला, काका, स्टेशनला आमच्या रिसॉर्टचं नाव द्या, दोन सह्या करतो. मालक म्हणाले, "टेशनाला गावाचंच नाव ऱ्हानार. सही येकच कर." देवळामागच्या एका म्हातारीने मात्र अजिबात न हसता सगळं ऐकून घेतलं. तिची मुलगी खडकीला दिलेली होती, आणि माहेरी यायला तिला तीन गाड्या बदलाव्या लागत.

"जाऊ दे की गाडी," म्हातारी म्हणाली. "पर माज्यापाशी थांबली पायजे."

"थांबंल," मालक म्हणाले. घरी आल्यावर मला तिच्या शेतापाशी एक थांबा काढायला लावला, एका डब्यापुरता फलाट असलेला. त्यासाठी आधीची अख्खी मांडणी सहा इंच सरकवावी लागली. माझे दोन रविवार त्यात गेले, आणि मला ते गेल्यासारखे वाटले नाहीत.

आता फक्त एक कोपरा राहिला होता. खांबाचा. खांब नऊ इंच पुढे, त्यामुळे तिथलं वळण आत घ्यावं लागत होतं. बाहेरून नेलं की रूळ लाल. मी सगळ्या तऱ्हा करून पाहिल्या. ज्या एका मार्गाने साहेब हिरवे होत होते तो मार्ग मालकांच्या बांधावरून शेजारच्या खाचरात शिरत होता. आणि शेजारचं खाचर त्यांच्या धाकट्या भावाचं होतं.

दोघा भावांची घरं भिंतीला भिंत लागून. अकरा वर्षांत एकमेकांशी एक शब्द नाही. जावा दळणाला बरोबर जात, दोन्ही घरांतली भाजी इकडून तिकडे जाई, पण हे दोघे समोरासमोर आले की कुणीतरी एक आभाळाकडे बघायला लागे. मावशींनी मला कारण सांगितलं होतं. वाटणीत विहीर मालकांकडे आली, आणि विहिरीकडे जाणारी धाकट्यांची गाडीवाट मालकांच्या बांधावरून होती. एका वर्षी धाकट्यांचा ट्रॅक्टर वळताना मालकांच्या भाताच्या रोपांवरून गेला. दुसऱ्या दिवशी मालकांनी वाटेवर तारेचं कुंपण घातलं. धाकट्यांनी मग स्वतःची बोअर मारली. पाण्याचा प्रश्न सुटला, वाट तशीच बंद राहिली.

मी म्हणाले, "मालक, हे लुटुपुटूचं शेत आहे. नेऊ या रूळ तसाच त्यातून. त्यांना कळणारही नाही."

मालक बराच वेळ वहीची पानं सारखी करत बसले. मग म्हणाले, "तार मारली तवा इचारलं नव्हतं. तितंच चुकलं. आता इचारल्याबिगर खिळा मारायचा न्हाई."

धाकटे अंगणात बसून विळ्याची मूठ तासत होते. लाकडाच्या कामात त्यांचा हात फार सफाईदार. आम्ही दोघं समोर उभे राहिलो. तीन फुटांवर उभ्या असलेल्या भावाकडे न बघता मालक माझ्याशी बोलायला लागले. "इंजिनेरबाई, त्याला सांगा, आमची रेल्वे त्याच्या रानातनं जातीय. हरकत न्हाई म्हनून सही पायजे."

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. धाकट्यांनीही माझ्याचकडे बघून उत्तर दिलं. "बाई, त्यांना सांगा, वाटंवर तार मारनारा मानूस माज्या रानात रूळ मारनार व्हय? न्हाई जमनार."

"नाही जमणार म्हणतात," मी मालकांना सांगितलं.

"ऐकलं म्या," मालक म्हणाले आणि वळले.

त्यानंतर तीन आठवडे वरच्या खोलीला कुलूप होतं. मालक माझ्याकडे फिरकले नाहीत. पाणी कधी सव्वासहाला सुटायचं, कधी पावणेसातला, आणि एका दिवशी तर सुटलंच नाही. आम्ही भाडेकरू बादल्या घेऊन एकमेकांकडे बघत उभे. मावशी म्हणाल्या, "असं तर ते तार मारली तवा बी नव्हतं."

एका रविवारी सकाळी दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर धाकटे. चपला बाहेर काढून उभे. "ते माजं रान दावा," म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. ते वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले. आपली बोअर दिसल्यावर मान हलवली. चिंच दिसल्यावर बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "ह्यो बांध चुकलाय."

"बांध बरूबर हाय." आवाज दारातून आला. मालक कधी वर आले होते कोण जाणे.

"चुकलाय. चिंचंपसनं सरळ जात न्हाई त्यो, आत येतो."

"तुला काय कळतंय! म्या सोता मोजलाय!"

"तू कवा नीट मोजलंस रं दादा?"

अकरा वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. खाली भांड्यांचा आवाज थांबला होता. दोघं पडद्यावर बोटं आपटत, एकमेकांना ढकलत भांडत होते. शाळेतली गणितं, वडिलांनी कुणाला किती मारलं, सगळं निघालं. थोड्या वेळाने मावशी तीन कप चहा घेऊन वर आल्या. मी काळजीने त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. "भांडू द्या," त्या मला म्हणाल्या. "लई दिसांचं ऱ्हायलंय. तुमी च्या घ्या."

शेवटी खरा बांध मोजायचं ठरलं. टेपचं एक टोक मालकांकडे, एक धाकट्यांकडे, आणि मी लिहायला. ऊन चढलं होतं. धाकट्यांचं बरोबर निघालं. बांध चिंचेपाशी दोन फूट आत येत होता. मी सत्त्याऐंशीने भागलं आणि सांगितलं, खोलीत हा फरक सात मिलिमीटर येईल.

"किती?" दोघांनी एकदमच विचारलं. मी नखाएवढं अंतर दाखवलं. दोघं माझ्या बोटांकडे बघत राहिले.

"सात तर सात," धाकटे म्हणाले. "पर चूक ती चूक."

"दुरुस्त करा, बाई," मालक म्हणाले.

मी घरी येऊन बांध सात मिलिमीटर सरकवला. धाकट्यांनी वही मागून घेतली, पण सही करण्याआधी पेन थांबवलं. "माजी येक अट हाय. माजी गाडीवाट हाय तितं रुळावर फाटक पायजे. आनि फाटकावर मी बसनार. मी उगडंन, मी लावंन."

मालक तोंड फिरवून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, पुन्हा मोडलं. धाकट्यांनी सही केली, चपला घातल्या आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर मालक बांधावर होते. हातात पक्कड. कुंपणाची गंजलेली तार कापून तिची गुंडाळी करत होते. हाताला दोन ठिकाणी खरचटलं होतं. मी विचारलं, हे काय?

"नकाशात वाट उगडी आनि रानात बंद, असं कसं चालंल?" ते म्हणाले. "साहेब लाल करतील."

पुढच्या सहा महिन्यांत ती रेल्वे उभी राहिली. प्लायवूडची टेबलं धाकट्यांनी केली. टेकडी वर्तमानपत्रांची आणि प्लॅस्टरची. भात म्हणून हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा. तो रंगवताना मावशींची एक परात कायमची हिरवी झाली. शहरातून आणलेला रुळाचा पहिला तुकडा मालकांनी बसवला तेव्हा, वाकडा जायला नको म्हणून, खिळा मला धरायला लावला. एकही तुकडा पुन्हा काढावा लागला नाही. सगळं नकाशाबरहुकूम बसलं.

पहिली गाडी सोडायची ठरली ती दुपारी तीन वाजून सात मिनिटांनी. सह्या केलेले सगळे आले होते. त्या मधल्या सोळा एकरांत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी खुर्चीत, तिच्या शेतासमोर. मालकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी घड्याळ बघितलं, बटण फिरवलं, आणि चार डब्यांची गाडी देवळापासून निघाली. सगळ्यांच्या माना गाडीबरोबर फिरत गेल्या. गाडी म्हातारीपाशी थांबली. म्हातारीने डब्याच्या खिडकीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "हां. जाऊ दे आता."

गाडी खांबाला वळसा घालून धाकट्यांच्या खाचरात शिरली आणि फाटक लागलेलं नव्हतं. धाकटे टेबलाशी उभे, एक हात खिशात.

"फाटक लाव की रं!" मालक ओरडले. "गाडी आली!"

"थांबीव," धाकटे म्हणाले.

मालकांनी बटण मागे घेतलं. गाडी वाटेच्या अलीकडे उभी राहिली. धाकट्यांनी खिशातून हात काढला. हातात लाकडाची एक बैलगाडी होती, काडेपेटीपेक्षाही लहान. चाकांचे आरे, जू, बैलांची शिंगं, सगळं कोरलेलं. ती त्यांनी आपल्या शेतात वाटेवर ठेवली आणि एका बोटाने हळूहळू पुढे ढकलू लागले. रूळ ओलांडून, बांधावरून, मालकांच्या खाचराच्या कडेने, थेट विहिरीपर्यंत. बैलगाडीला घाई नव्हती. मालक बटणावर हात ठेवून ती पोचेपर्यंत थांबून राहिले.

मग धाकट्यांनी फाटक लावलं आणि मोठ्या भावाकडे बघितलं.

"आन आता गाडी," ते म्हणाले.